एका व्यवहारासाठी सगळं दार उघडं?

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात भामरागडला माझ्या हातून एक चूक झाली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून एक बाई आमच्याकडे आली होती. तिला अहेरीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गाडीवाल्याला फोनवरून पैसे द्यायचे, तर बँकेचं ॲप चालेना. आमच्या कामाच्या फोनमध्ये व्हीपीएन असतं. त्याचा सर्व्हर परदेशातला, म्हणून बँकेला शंका आली. मी व्हीपीएन बंद केलं, पैसे दिले आणि ते पुन्हा सुरू करायला विसरले. नंतर संध्याकाळभर शेजारच्या दुकानाच्या वाय-फायवर महिलांची आधारगृहं शोधत बसले. ते दुकान तिच्या चुलतदिराचं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. नशिबाने विपरीत काही घडलं नाही.

कुणी म्हणेल, संकेतस्थळांवरचा मजकूर हल्ली कुलूपबंदच असतो. खरं आहे. पण आपण कोणत्या संकेतस्थळावर, किती वाजता गेलो, हे वाय-फायच्या मालकाला किंवा मोबाइल कंपनीला कळू शकतं. शहरात त्यावरून फारसा अंदाज येणार नाही. भामरागडात कालचं भांडण कुणाच्या घरी झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे एवढंही पुरतं.

उपाय फोनमध्येच होता. बऱ्याच व्हीपीएन ॲपमध्ये ‘स्प्लिट टनेलिंग’ अशी सोय असते. अँड्रॉइड फोनवर आपण यादीतून नेमकी ॲप निवडायची. तेवढी व्हीपीएनच्या बाहेरून जातात, बाकी सगळं आतूनच. पैशांचं ॲप बाहेर ठेवावं. ब्राउझर, मेल आणि निरोपांची ॲप मात्र आतच हवीत. बँकेचं संकेतस्थळ उघडायचंय म्हणून ब्राउझरला सूट दिली, तर त्यातलं सगळंच बाहेर पडतं. आणि फोनच्या सेटिंगमध्ये व्हीपीएनशिवायची जोडणी अडवली असेल, तर सूट दिलेलं ॲप चालणारच नाही.

व्हीपीएनवर आंधळा विश्वासही नको. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते किमान पाच वर्षं जपून ठेवायचे आहेत. शिवाय नवऱ्याने फोनच हातातून हिसकावला, तर व्हीपीएन काय करणार?

तरीही हा प्रश्न तंत्राचा म्हणून बाजूला टाकू नये, असं मला वाटतं. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. देशभरातल्या बाया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला आणि अशा स्त्रीची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. आज ते भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम आहे. त्या मुलीचं नाव मात्र तोवर देशभर झालं होतं. मी ते इथे लिहीत नाही.

ओळख जपण्याचा हक्क आपण भांडून मिळवला. मग आपल्याच फोनमधून ती का निसटावी? कोणतं ॲप बाहेर ठेवायचं, हे बहुतेक संघटनांत ‘कॉम्प्युटरवाला मुलगा’ ठरवतो. बाई विश्वासाने आपल्याला सांगते, तर हा निर्णयही आपणच घ्यायला हवा. पुढच्या बैठकीत सगळ्याजणी फोन काढून बसू या. यादी मोठ्याने वाचू या. प्रत्येक नावाला विचारू या: हे बाहेर राहिलं, तर कुणाचं काय उघडं पडेल?