पोटभर जेवण, पण पैलवानांना बंदी!

म्हापशाच्या एखाद्या खानावळीवर ‘पोटभर जेवण, एकच दर’ अशी पाटी असावी आणि खाली बारीक अक्षरांत ‘पैलवानांना प्रवेश नाही’ असं लिहावं, तर आपण काय म्हणू? अमर्याद क्लाउड बॅकअपचा धंदा नेमका असाच चाललाय.

वडिलांनी जत्रेतल्या नाटकांच्या कॅसेटी जपल्या होत्या. त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या. संगणक जुना, म्हणून त्यावर उबुंटू. एका ‘अमर्याद’ सेवेचे पैसे भरायला गेलो, तर विंडोज किंवा मॅक असेल तरच या, म्हणे. माझा सगळा ऐवज जेमतेम दोनशे जीबी!

लिनक्सचे प्रकार फार, वापरणारे थोडे, म्हणून परवडत नाही, हे ठरलेलं उत्तर. पण ही अर्धीच गोष्ट. क्रॅशप्लॅनची अमर्याद घरगुती सेवा 2018 साली बंद होईपर्यंत लिनक्सवर चालत होती. बॅकब्लेझची अमर्याद योजना फक्त विंडोज-मॅकसाठी. पण तिचीच 2015 साली आलेली बी2 सेवा, जिथे जागेच्या मापाने पैसे मोजायचे, ती लिनक्सवरून खुशाल वापरा! म्हणजे अडचण तंत्रापेक्षा हिशेबाची. एकाच दरात कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचा भार उचलतो. आणि लिनक्सवाला म्हटला की घरात सर्व्हर आणि डिस्कांची चळत असणार, हा संशय.

संशय अगदीच निराधार नाही, मान्य. पण मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचा लिनक्ससाठी अधिकृत प्रोग्राम कधीच नव्हता. तरी काहींनी 75 टीबीच्या वर माल भरला आणि नोव्हेंबर 2015 मध्ये अमर्याद जागा गुंडाळल्याची घोषणा झाली. ते पैलवान कुठल्या दारातून आत आले?

मी सरकारी कारकून. अर्ज न वाचता अर्जदाराचं तोंड बघून शेरा मारतात, म्हणून लोक आम्हाला शिव्या घालतात, आणि कधीकधी ते बरोबरही असतं. मग या कंपन्यांना सूट का? मर्यादा असेल तर आकडा लिहा, त्यावर जादा पैसे घ्या, आणि दार सर्वांना उघडं ठेवा. नाहीतर ‘अमर्याद’ हा शब्द पाटीवरून पुसा.

असो. मी आता मापाने पैसे भरतो, शिवाय एक डिस्क फोंड्याला बहिणीकडे ठेवलीय. तिने मात्र संगणक कुठला, हे विचारलं नाही.