चार गोल दिवे आणि पंचवीस वर्षांचा नियम

योकोहामाच्या दाइकोकू वाहनतळावर पायी पोहोचता येत नाही. वाट द्रुतगती महामार्गावरूनच. तरी सुट्टीच्या संध्याकाळी देशोदेशीचे गाडीवेडे कॅमेरे घेऊन तिथे हजर असतात आणि गर्दी फारच झाली की पोलीस तळ बंद करतात. त्यांची नजर शोधत असते ते मागचे चार गोल दिवे, म्हणजे निसान स्कायलाइन जीटी-आर. आजचा थ्रेड या गाडीपेक्षा तिचे भाग्य ठरवणाऱ्या नियमांविषयी आहे.

पहिला नियम अलिखित. २८० अश्वशक्तीपेक्षा मोठा आकडा जाहीर करायचा नाही, असा जपानी कंपन्यांचा आपसांत समझोता होता. तो २००४ पर्यंत टिकला. १९८९ साली आलेल्या आर-३२ जीटी-आरचे २.६ लिटरचे, दोन टर्बोंचे इंजिन कागदावर नेमके २८० चे. प्रत्यक्षात ते अधिक ताकदीचे आहे, हे उघड गुपित! १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार मालिकेतील सर्व २९ शर्यती याच गाडीने जिंकल्या. ‘गॉडझिला’ हे नाव मात्र तिला ऑस्ट्रेलियातील एका नियतकालिकाने दिले.

दुसरा नियम अमेरिकेचा, आणि मुळात तो जपानी गाड्यांसाठी नव्हताच. युरोपातून परस्पर येणाऱ्या मर्सिडीजसारख्या गाड्यांना आळा घालण्यासाठी १९८८ मध्ये कायदा झाला. अमेरिकी सुरक्षा-मानकांनुसार न बनलेली गाडी पंचवीस वर्षांची झाली, तरच ती मुक्तपणे आणता येते. त्यामुळे २०१४ मध्ये आर-३२ साठी दार उघडले, २०२४ मध्ये १९९९ च्या आर-३४ साठी. (आपल्याकडे नेमके उलटे: वापरलेली गाडी आयात करायची, तर ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी चालत नाही. तिथे वय कमी पडते, इथे जास्त होते.)

परिणाम असा की गाडी पंचविशीला आली की डॉलरवाला ग्राहक दारात उभा राहतो आणि टोकियोतल्या सामान्य मालकाला ती ठेवणे परवडेनासे होते. दोष त्या ग्राहकाला देण्यात अर्थ नाही. निदान तो गाडी जपतो तरी. माझा आक्षेप जपानच्या करधोरणावर आहे. पेट्रोल गाडी तेरा वर्षांची झाली की तिच्यावरचा वार्षिक कर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. प्रदूषणाचा युक्तिवाद रोजच्या वापरातल्या जुन्या गाडीला लागू पडतो; महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या जीटी-आरला तोच निकष लावणे म्हणजे आपल्याच औद्योगिक वारशाला बंदराची वाट दाखवणे होय.

जर्मनीत तीस वर्षांवरील सुस्थितीतल्या मूळ गाडीला ‘एच’ अक्षराची वेगळी पाटी आणि ठोक दराचा कर मिळतो. जपानने निदान एवढे करायला हवे, आणि तेही आर-३४ च्या उरल्यासुरल्या गाड्या जहाजावर चढण्यापूर्वी.