लाइनबॅकरच्या पुढे कोण उभं आहे?

अमेरिकन फुटबॉलवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांत एक मत वर्षानुवर्षं रुजलेलं आहे. अस्सल लाइनबॅकर कुठल्याही बचावरचनेत चमकतोच. जो चमकत नाही त्याच्यात मुळात दम नाही, आणि रचनेचं नाव पुढे करणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. मत ऐकायला रोखठोक वाटतं, म्हणून ते खपतं. पण या खेळात अंगण खरोखरच वाकडं असू शकतं, आणि हे न मानणाऱ्यांमुळे एनएफएलमध्ये चांगल्या खेळाडूंची उमेदीची वर्षं मातीमोल झाली आहेत.

लाइनबॅकर बचावाच्या दुसऱ्या फळीत उभा राहतो. त्याच्या पुढे धिप्पाड लाइनमन, मागे चपळ सेफ्टी आणि कॉर्नरबॅक. पुढे चार लाइनमन आणि मागे तीन लाइनबॅकर असतील तर ती 4-3 रचना. तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकर असतील तर 3-4. फरक एका माणसाचा दिसतो, पण कामं पार बदलतात. 3-4 मधला बाहेरचा लाइनबॅकर बहुतेक वेळा क्वार्टरबॅकवर तुटून पडतो. आतला लाइनबॅकर मधल्या फटी सांभाळतो आणि पासच्या वेळी मागे सरकून मैदानाचा मधला भाग झाकतो. टँपा 2 नावाच्या रचनेत तर मधल्या लाइनबॅकरला पाठ फिरवून दोन सेफ्टींच्या मधल्या खोल भागापर्यंत पळावं लागतं. शिकागोच्या ब्रायन अर्लॅकरने ते काम असं निभावलं की 2005 मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. कॉलेजात तो सेफ्टी म्हणून खेळलेला होता, हे इथे विसरता येत नाही. नाव सगळ्यांचं एकच, लाइनबॅकर. धंदे मात्र तीन-चार.

आता धावेचा एकच डाव जवळून पाहा. चेंडू हलतो. प्रतिस्पर्ध्यांचा सेंटर आणि गार्ड मिळून आपल्या नोज टॅकलला, म्हणजे मधोमध उभ्या लाइनमनला, रेटतात. त्यांचा बेत असा, की दोघांनी त्याला हलवायचं आणि मग गार्डने सुटून मागच्या लाइनबॅकरवर जायचं. नोज टॅकल पाय रोवून दोघांनाही अडकवून ठेवू शकला, तर लाइनबॅकरला समोर मोकळी वाट मिळते. रनिंग बॅक कुठल्या फटीकडे वळतोय ते ओळखून तो दीड-दोन यार्डांत त्याला लोळवतो. नोज टॅकल मागे ढकलला गेला, तर जवळपास 140 किलोचा गार्ड 105 किलोच्या लाइनबॅकरच्या छातीवर येऊन आदळतो, आणि रनिंग बॅक शेजारून निघून जातो. दोन्ही वेळा लाइनबॅकरने फट तितक्याच वेळात ओळखली, पाऊल तितक्याच चपळाईने टाकलं. पहिल्या वेळी समालोचक त्याच्या अंतःप्रेरणेचं कौतुक करतो, दुसऱ्या वेळी तो ब्लॉक झटकू शकत नाही असा शेरा मारतो. हा सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा, आणि नोज टॅकलचं नाव कुणी घेत नाही.

कुठेही चमकतोच म्हणणाऱ्यांनी झॅक बाउनचं काय करायचं ते सांगावं. विस्कॉन्सिन विद्यापीठात कडेने येऊन क्वार्टरबॅकला गाठणारा म्हणून त्याचं नाव झालं. न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी 2020 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, 74व्या क्रमांकावर त्याला घेतलं. चार मोसम तो बहुतांशी स्पेशल टीम्समध्ये आणि कडेच्या किरकोळ कामात खर्ची पडला. चार वर्षांत सॅक, म्हणजे पास जाण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं, अवघे दोन. 2024 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी साडेतीन दशलक्ष डॉलरवर एक वर्षासाठी त्याला घेतलं तेव्हा कुणी दखलही घेतली नाही. तिथे बचावाची सूत्रं विक फँजिओकडे होती. त्याने बाउनला कडेवरून उचलून आत, मधल्या जागी उभं केलं. साओ पावलोतल्या पहिल्याच सामन्यात बाउनचे 15 टॅकल आणि दोन सॅक झाले. मोसमाअखेर 151 टॅकल, ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवड, आणि फेब्रुवारी 2025 मधल्या सुपर बोलमध्ये खुद्द पॅट्रिक महोम्सचा पास त्याने पकडला. तोही त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये, जिथे चार वर्षं त्याला जागा सापडली नव्हती. पुढच्या महिन्यात ईगल्सनी त्याच्याशी तीन वर्षांचा 51 दशलक्ष डॉलरचा करार केला.

सत्तावीस वर्षांच्या माणसात एका उन्हाळ्यात नवा दम कुठून आला? आलाच नाही. पाय तेच, नजर तीच, बदललं ते काम.

बाउनची उलट बाजू म्हणजे हासन रेडिक. टेंपल विद्यापीठात तोही कडेनेच झेपावायचा. ॲरिझोनाने 2017 मध्ये पहिल्या फेरीत, 13व्या क्रमांकावर त्याला निवडलं आणि आतला लाइनबॅकर करायला घेतलं. तीन वर्षांत साडेसात सॅक. पाचव्या वर्षाचा पर्यायही संघाने नाकारला, म्हणजे पहिल्या फेरीतला माल वाया गेल्याची जाहीर कबुलीच. 2020 मध्ये चँडलर जोन्स जायबंदी झाला आणि रेडिकला नाइलाजाने कडेवर धाडावं लागलं. एकाच मोसमात साडेबारा सॅक झाले, त्यातले पाच न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या एका सामन्यात. 2022 मध्ये ईगल्सकडून सोळा. बाउनला कडेवरून आत आणावं लागलं, रेडिकला आतून कडेवर न्यावं लागलं. दोघांवरही आधी एकच शिक्का बसला होता: फसलेली निवड.

प्रतिपक्ष इथे आकड्यांचा आधार घेतो. टॅकल मोजा, म्हणतो, टॅकल खोटं बोलत नाहीत. टॅकल खोटं बोलत नसतील, पण ते अर्धंच बोलतात. सॅकची अधिकृत नोंद 1982 पासून होते. टॅकल मात्र सामन्याच्या मैदानावरचे नोंदणीकार मोजतात, आणि दोघांनी मिळून पाडलेल्या माणसाचं श्रेय कसं वाटायचं यावर मैदानागणिक हात सैल किंवा आखडता होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टॅकल कुठे झाला ते त्या आकड्यात दिसत नाही. दोन यार्डांवर पाडलं तरी एक, आठ यार्डांवर पाडलं तरी एक. कमकुवत बचाव जास्त वेळ मैदानावर राहतो, म्हणून त्याच्या लाइनबॅकरचे टॅकल फुगतात. कबड्डीत घोटा धरणाऱ्या कोपरारक्षकाच्या नावावर गुण लागतो. मध्यरक्षकाने चढाईपटूची वाट अडवली नसती तर घोटा हाती लागलाच नसता, हे आपल्याकडचा शाळकरी मुलगाही जाणतो. तेवढी जाण दूरदर्शनवरच्या तज्ज्ञांनी दाखवावी, एवढीच अपेक्षा आहे.

पण या मताचं खंडन करताना काही जण दुसऱ्या टोकाला जातात, आणि ते टोक मला तितकंच अमान्य आहे. त्यांच्या लेखी लाइनबॅकर हा रचनेचा निव्वळ उपभोक्ता. पुढे दोन डोंगर उभे करा, मागे कुणीही पळेल. रे लुइसवर हा आरोप फार झाला. 2000 सालच्या बाल्टिमोर रेव्हन्सनी सोळा सामन्यांत फक्त 165 गुण दिले, सोळा सामन्यांच्या काळातला तो विक्रम. लुइस त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि सुपर बोलचा मानकरीही. त्याच्या पुढे टोनी सिरागुसा आणि सॅम ॲडम्स असे दोन अवजड टॅकल होते, आणि त्या दोघांनी गार्डना त्याच्यापर्यंत पोचूच दिलं नाही, हे शंभर टक्के खरं. मग म्हणे मोठा कोण, लुइस की सिरागुसा?

त्या आरोपाला उत्तर 2003 सालाने दिलं. 2001 च्या मोसमानंतर सिरागुसा निवृत्त झाला, ॲडम्स ओकलंडला गेला, रचना 4-3 वरून 3-4 वर आली. 2002 मध्ये खांद्याच्या दुखापतीने लुइसला पाचच सामने खेळता आले, तेव्हा आता तो संपला अशी हाकाटी झाली. 2003 मध्ये तो परत आला, सहा पास हिसकावले, आणि पुन्हा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू झाला. दोन डोंगर नसताना. पास ओळखण्यासाठी क्वार्टरबॅकचे डोळे वाचावे लागतात, आणि ती विद्या नोज टॅकल उसनी देत नाही. तरीही पुढे अवजड माणूस हवा, असं सांगायला याच लुइसला कधी कमीपणा वाटला नाही. 2006 मध्ये रेव्हन्सनी ड्राफ्टमध्ये एक जागा वर सरकून बाराव्या क्रमांकावर हलोटी न्गाटाला घेतलं. खेळातला सगळ्यात धाकाचा लाइनबॅकरसुद्धा आपल्या पुढच्या माणसाची किंमत जाणून होता.

तेव्हा रचना क्षमता निर्माण करत नाही. असलेल्या क्षमतेला काम देते किंवा तिला डांबून ठेवते. माझं म्हणणं एवढंच आहे, की लाइनबॅकरला कोणतं काम सांगितलं होतं आणि ते त्याने किती नेटाने केलं, यापलीकडे त्याला जोखण्याचा न्याय्य मार्ग नाही. काम न सांगता दिलेला कुठलाही शेरा, मग तो कौतुकाचा असो वा निंदेचा, अफवेच्या लायकीचा आहे.

बाल्टिमोरच्याच पॅट्रिक क्वीनकडे पाहा. 2020 मध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्या या पोराच्या खांद्यावर मधल्या जागेचा भार आला आणि चुकलेल्या टॅकलची यादी लोक तोंडपाठ म्हणू लागले. ऑक्टोबर 2022 च्या शेवटी रेव्हन्सनी शिकागोहून रोक्वान स्मिथला आणलं. रोक्वान मधे उभा राहिला, क्वीन शेजारी सरकला, आणि चेंडूच्या मागे सुसाट धावायला, मधूनच ब्लिट्झला, म्हणजे क्वार्टरबॅकवर चालून जायला, मोकळा झाला. 2023 च्या उन्हाळ्याआधी त्याचा पाचव्या वर्षाचा पर्याय संघाने नाकारला होता. त्याच मोसमात तो प्रो बोलला गेला आणि ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात आला. पिट्सबर्गने मग त्याला तीन वर्षांसाठी 41 दशलक्ष डॉलर दिले. रेव्हन्सच्या बचावाचं नेतृत्व तेव्हा माइक मॅकडोनल्डकडे होतं, आणि त्याच्या हिशेबाचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण त्या नव्या जागेत धावायचं होतं ते क्वीनलाच.

फँजिओसारख्या प्रशिक्षकाचं मोठेपण मला इथे दिसतं. तो 1986 पासून सेंट्सचा लाइनबॅकर प्रशिक्षक होता. तिथे सॅम मिल्स होता, पाच फूट नऊ इंचाचा. क्लीव्हलँडने त्याला काढून टाकलं होतं, कॅनडातल्या टोरॉन्टोनेही. यूएसएफएल या दुसऱ्या लीगमध्ये त्याला खेळवलेला जिम मोरा न्यू ऑर्लिन्सला आला तो मिल्सला बरोबर घेऊनच. 1992 च्या मोसमात सेंट्सचे चारही लाइनबॅकर प्रो बोलला गेले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत फँजिओच्या हाताखाली पॅट्रिक विलिस आणि नवारो बोमन 2011 आणि 2012 मध्ये एकत्र ऑल-प्रो झाले. बाउनची जागा ओळखणारी नजर इतक्या वर्षांच्या पाहण्यातून आलेली आहे. सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही. फक्त पुढच्या चौघांनी महोम्सला सहा वेळा पाडलं, आणि म्हणून बाउनसारख्यांना मागे राहून पासावर डोळा ठेवता आला. प्रशिक्षकाची आखणी, लाइनमनची ताकद आणि लाइनबॅकरची झेप यांतलं एक काढून घ्या, तो पास हाती येत नाही.

नावाच्या घोळात पैसाही अडकतो, तेही नोंदवायला हवं. 2008 मध्ये रेव्हन्सनी टेरेल सग्सला फ्रँचायझी टॅग, म्हणजे जागेनुसार ठरलेल्या दरावर वर्षभर राखून ठेवण्याचा शिक्का, लावला तो लाइनबॅकर म्हणून. त्याचं म्हणणं, मी बहुतेक डाव एंड, म्हणजे कडेचा लाइनमन, म्हणून खेळतो, आणि एंडचा दर जास्त. शेवटी दोन दरांच्या मधला आकडा ठरवून तड लागली. कामावर बोट ठेवल्याशिवाय त्या भांडणाचा निकालच लागला नसता.

राहिला प्रश्न पहिल्या मताच्या प्रामाणिकपणाचा. कुठल्याही रचनेत चमकणारा हीच कसोटी असेल, तर त्या कसोटीला लंडन फ्लेचरइतका उतरलेला माणूस शोधून सापडणार नाही. 1998 मध्ये ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही, उंची पाच फूट दहा इंच. सेंट लुइसकडून त्याने सुपर बोल जिंकला. मग बफेलो, मग वॉशिंग्टन. 4-3 मध्ये खेळला, टँपा 2 मध्ये खेळला, 2010 मध्ये वॉशिंग्टनने 3-4 धरली तेव्हा पस्तिशीत त्यातही खेळला. सोळा मोसम, सलग 256 सामने, एकही चुकवला नाही. प्रो बोलची पहिली निवड मिळाली ती 2009 च्या मोसमाला, तीही दुसऱ्याच्या बदली. 2019 पासून तो हॉल ऑफ फेमला पात्र आहे आणि 2025 च्या वर्गापर्यंत त्याचं नाव लागलेलं नाही. कुठल्याच एका गाजलेल्या रचनेशी त्याचं नाव जोडलं गेलं नाही, म्हणून त्याची ओळखही ठसली नाही. रचनेला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याच कसोटीचा हा पहिल्या नंबरचा गडी इतकी वर्षं बाहेर का उभा ठेवला, याचं उत्तर द्यावं, आणि मग बाउन, रेडिक, क्वीनवर शिक्के मारावेत.