ट्रिपचा वेग आजोबांना ठरवू द्या

फॅमिली ट्रिप ठरते कशी, जरा आठवून बघा. व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघतो. पप्पा बजेट सांगतात, काका सुट्टीच्या तारखा टाकतात, दादा रील्स पाठवतो, आपण हॉटेलचं रेटिंग बघतो. दोन दिवसांत दीडशे मेसेज पडतात. या ग्रुपमध्ये आजी-आजोबा नसतातच. त्यांना सगळं ठरल्यावर कळवलं जातं, तेही एका वाक्यात. एकतर ‘तुम्हाला झेपणार नाही, घरीच थांबा,’ नाहीतर ‘तुमचंही तिकीट काढलंय, बॅग भरा.’

दोन्ही वाक्यांत एक गोष्ट कॉमन आहे. त्यांना विचारलं कुणीच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आजी-आजोबांना ट्रिपला न्यायचं असेल तर त्यांच्या वेगाने न्या. कुठे जायचं, किती वाजता उठायचं, दिवसात किती ठिकाणं बघायची, हे घरात जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या पायांवरून ठरवा. हे जमणार नसेल, तर ‘आम्ही आजी-आजोबांना फिरवून आणलं’ असं स्टेटस ठेवू नका. आपण त्यांना फक्त वाहून आणलेलं असतं.

आधी एक गोष्ट बघा. म्हाताऱ्या माणसांचा प्रवास म्हणजे देवदर्शन, असं आपण सगळ्यांनी धरूनच टाकलंय. कोल्हापुरात तर विचारायलाच नको. घरात अंबाबाई आणि जोतिबा, मग नृसिंहवाडी, त्यापुढे पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. सरकारही तसाच विचार करतं. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. ६० वर्षांवरच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना तीर्थयात्रेसाठी ३० हजारांपर्यंत मदत. चांगलीच योजना आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटी मोफत झाली, तीही चांगलीच. पण रेल्वेत ज्येष्ठांना जी सवलत होती, पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के, ती मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद झाली. कोरोना गेला, सवलत काही परत आली नाही.

देवाला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. मुद्दा इतकाच की ‘मला समुद्र बघायचाय’ असं एखादी सत्तरीची बाई म्हणाली तर आपल्याला ते ऐकू येतं का? बीच म्हणजे आपला, देऊळ म्हणजे त्यांचं, ही वाटणी कुणी केली?

आमच्या घरी या जानेवारीत अंदमान ठरलं. अंदमानच का, याचं कारण मराठी घरात सांगावं लागत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला ‘काळं पाणी’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात नाही, ‘माझी जन्मठेप’मध्ये भेटला. १९२७ सालचं पुस्तक ते. आमचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली, स्वतः मात्र गोव्याच्या पुढे गेले नाहीत. त्यांना मी सरळ विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला तिथं काय बघायचंय?’ ते म्हणाले, ‘ती कोठडी बघायची हाय. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा.’ आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘समुद्रात पाय बुडवून निवांत बसायचंय. कुणी चला-चला म्हणायचं न्हाई.’

दोघांच्या दोन वाक्यांत ट्रिपचा प्लॅन झाला होता. आता पॅकेजवाल्याने पाठवलेला प्लॅन ऐका. पाच रात्री, सहा दिवस, चौदा ठिकाणं. त्यात एक दिवस बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. दिसायला भारीच. पण तिथे जायचं कसं? रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, म्हणून गाड्या ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडतात. पहिला ताफा गाठायचा तर पोर्ट ब्लेअरमधून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरममधून, पहाटे तीन-चारला निघायचं. मग गाडीत काही तास, मग बार्जवरून खाडी ओलांडायची, मग स्पीडबोट, मग दीडेक किलोमीटर पायी. आणि हे सगळं उलट करून त्याच दिवशी परत. गुडघ्याचा त्रास आणि बीपीची गोळी असलेल्या माणसाला हा दिवस फिरायला दिलाय की शिक्षा म्हणून?

आम्ही तो दिवस काढूनच टाकला. चौदाची सहा ठिकाणं केली. एजंट म्हणाला, ‘अहो, पैसे तेवढेच लागतील.’ लागू देत. ठिकाणं मोजून पैसे वसूल करायचा हा हिशोबच चुकीचा आहे. पेन्शनच्या पैशातून आजोबा तुमच्यासोबत येतात ते जागांची यादी पुरी करायला येत नाहीत.

सेल्युलर जेलमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेला हा तुरुंग. मधल्या मनोऱ्याभोवती सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या तीन मजली सात इमारती होत्या, आज तीन उरल्यात. १९११ मध्ये सावरकरांना इथे आणलं, १९२१ पर्यंत ते इथे होते. आणि त्यांची कोठडी आहे सगळ्यात वरच्या मजल्यावर. लिफ्ट वगैरे विसरा. जिने चढायचे, मग लांबलचक व्हरांडा चालायचा, कोठडी अगदी टोकाला.

तिथे मी जे बघितलं ते फक्त आमच्या घरचं नाही. जिन्यापाशी मराठी ज्येष्ठांचे घोळकेच्या घोळके होते. नाशिकचे, साताऱ्याचे, पुण्याचे. आणि बहुतेकांना कुणीतरी सांगत होतं, ‘तुम्ही खालीच बसा, आम्ही फोटो काढून आणतो.’ ज्या एका गोष्टीसाठी माणूस हजारो रुपये खर्चून समुद्रापार आला, ती त्याने मोबाइलवर बघायची. का? तर ग्रुपला पुढे जायचंय, बोट गाठायचीय.

आजोबांनाही गाइड तेच म्हणाला. पण आमच्याकडे त्या दिवशी दुसरं काहीच ठरलेलं नव्हतं. आजोबा प्रत्येक वळणावर थांबले, पाणी प्यायले, पुन्हा चढले. वर पोचायला पाऊण तास लागला. साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद कोठडी, हात पोचणार नाही अशा उंचीवर एक झरोका. ते दारात उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग व्हरांड्याचा कठडा धरून खालचं अंगण बघत बसले. कुणी चला म्हटलं नाही.

सावरकर म्हटलं की आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. पडू देत, ते वाद व्हायलाच पाहिजेत. आजोबांना त्या वादातलं काही सिद्ध करायचं नव्हतं. त्यांना ती जागा बघायची होती, आणि त्यांनी ती पायांनी चढून बघितली. खाली येताना मनोऱ्यातल्या पाट्यांवरची बंगालमधल्या, पंजाबमधल्या कैद्यांची नावं त्यांनी चष्मा पुसून-पुसून वाचली. शेवटी म्हणाले, ‘एवढे सगळे होते, आणि आपल्याला एकच नाव ठाऊक.’ धावत जाणाऱ्या ग्रुपला त्या पाट्या वाचायला वेळ नसतो.

आजी वर गेली नाही. तो निर्णय तिचा होता, आणि दोन्हींत फरक आहे. ‘खाली बस’ म्हणणं वेगळं आणि ‘मी खाली बसते’ म्हणणं वेगळं. ती अंगणात तेलाच्या घाण्यापाशी बसली. तिथे कैद्यांना जुंपून खोबऱ्याचं तेल काढायला लावायचे, रोजचं ठरलेलं तेल निघालं नाही की शिक्षा. मी माहितीचा बोर्ड वाचून पुढे निघाले होते. आजी म्हणाली, ‘घाण्याचा बैलबी दुपारी सोडत्यात. माणसाला सोडत नव्हते व्हय?’ माझ्या डोळ्यांसमोर बोर्ड होता, तिच्या डोळ्यांसमोर माहेरचा घाणा होता. त्या जागेचा अर्थ तिला माझ्यापेक्षा जास्त कळला. आजी-आजोबांना सोबत नेणं म्हणजे आपण त्यांच्यावर उपकार करतो, असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत. अंदमान आपल्या फार पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे जानेवारीत कोल्हापुरात उजाडायला सात वाजतात, तिथे सहाच्या आत लख्ख उजेड. आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार. नऊला उठणाऱ्या आपल्यासारख्यांचा तिथे निम्मा दिवस वाया जातो. पाचला उठून आंघोळ उरकणाऱ्या आजीचं टाइमटेबल मात्र त्या बेटाशी बरोबर जुळतं. स्वराज द्वीपचा, म्हणजे जुन्या हॅवलॉकचा, राधानगर बीच २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला बेस्ट ठरवला होता. तो आम्ही सकाळी, गर्दीच्या आधी बघितला तो तिच्यामुळे. ती पाय बुडवून बसली, सोबत आणलेलं भडंग काढलं. दोन तास. तिला पाहिजे होतं ते एवढंच.

आता मित्र-मैत्रिणी म्हणतील, मग आपण काय करायचं? दिवसभर बसून राहायचं? अजिबात नाही. दुपारी ते झोपले तेव्हा आम्ही भावंडं स्कूबाला गेलो. त्यांनी नॉर्थ बेला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघितलं. वेग त्यांचा म्हणजे बाकीच्यांना बंदी नाही. फक्त एक करू नका. लहान भाच्याला आजीच्या मांडीवर टाकून सगळ्यांनी पाण्यात उड्या मारायच्या, हे बंद. घरी आठवडाभर तिच मुलं सांभाळते. सुट्टी तिलाही आहे.

दुसरा आक्षेप तब्येतीचा. तो खरा आहे, आणि त्याला उत्तर तयारी हेच आहे. गोळ्या दुप्पट घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. मोठं सरकारी हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरला आहे, छोट्या बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, म्हणून मुक्काम ठरवताना हे बघा. विमानतळावर व्हीलचेअर मिळते, तिकीट काढतानाच सांगायचं. आजोबा ‘मला काय झालंय? चालतोय की मी’ म्हणतात. त्यांना लाज वाटते, ती समजून घ्या. चालायला येतं ते पाय जेलच्या जिन्यासाठी राखून ठेवा, असं सांगितलं की पटतं. आणि तारीख नीट बघा. मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी आपण दरवर्षी मे महिन्यातच वाचतो. परीक्षा संपल्या म्हणून मेअखेरीचं तिकीट काढलंत तर समुद्र खवळलेला आणि बोटी रद्द.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात खरा. प्रत्येक घराला विमानाचं तिकीट परवडत नाही. पण बेट लांबच पाहिजे असं कुठे आहे? मालवणसमोरचा सिंधुदुर्ग, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला, तोही बेटावरच आहे. कोल्हापुरातून सकाळी निघालं की दुपारी मालवण. तिथेही बोटीत चढताना तीच घाई असते, ‘आजी, लवकर, लवकर.’ नियम तोच. ओहोटी-भरती विचारून घ्या, गर्दीची वेळ टाळा, मुक्काम एक दिवस वाढवा.

हे सगळं आपल्याला का सांगतेय, पप्पांना का नाही? कारण आज घरात बुकिंग आपण करतो. मोबाइल आपल्या हातात आहे, प्लॅन आपण बनवतो, ‘नेक्स्ट’ आपण दाबतो. घरात एवढी पॉवर बाविसाव्या वर्षी आजवर कुणाच्या हाती आली नव्हती. ती वापरायची तर पुढच्या ट्रिपचा ग्रुप बनवायच्या आधी पाच मिनिटं त्यांच्या खोलीत जाऊन बसा आणि विचारा: कुठे जावंसं वाटतं? काय बघायचं राहिलंय? किती चालवेल?

आपल्याकडे फिरायला अजून चाळीस वर्षं आहेत. त्यांच्याकडे किती आहेत, हा हिशोब कुणाच्याच घरात मोठ्याने होत नाही. तो मनातल्या मनात करा, आणि तिकीट त्या हिशोबाने काढा.