जगात जर्मनी, भारतात परभणी आणि अडकलेला कर्सर

आज जरा भांडायचं आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही परभणीकर छाती फुगवून सांगतो आणि बाकीचे हसून. आयटीवाल्यांनी तिचा तिसराच उपयोग शोधून काढलाय. रिमोट डेस्कटॉपवर कर्सर अडकतोय अशी तक्रार केली की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "तू परभणीकडे असतोस ना?" झालं! निदान संपलं. मशीन कुठे आहे, त्यावर भार किती, कुणी बघत नाही. गुन्हेगार आधीच ठरलेला असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईतली पोरं लॅपटॉप काखोटीला मारून सेलू, जिंतूर, गंगाखेडला परत आली. काही इथेच राहिली. त्यांच्यातल्या अनेकांचं काम व्हर्च्युअल मशीनवर चालतं. म्हणजे प्रोग्रॅम पळतो डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर आणि घरी येतं ते फक्त त्याच्या पडद्याचं चित्र. आता 'स्लो आहे' ह्या एका तक्रारीमागे तीन निरनिराळी दुखणी असू शकतात. मशीनच दमलेलं असेल, चित्र काढून पाठवणारा भाग दमला असेल, किंवा रस्ता लांबचा असेल. दिसायला तिन्ही सारखीच. आमच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडी काढली ती केवडा रोगाला तोंड देणारी म्हणून. पानं पिवळी पडली की युरिया फेकणारे असतातच, पण तो रोग विषाणूचा आणि पसरवते पांढरी माशी. तिथे युरिया काय करणार?

आयटीतला युरिया म्हणजे 'नेटचा प्लॅन वाढव'.

ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. परभणी ते मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. केबल वळसे घेत गेली, मधले राउटर धरले, तरी २०-३० मध्ये उत्तर यायला हरकत नाही. तेच मशीन कुणीतरी अमेरिकेतल्या डेटा सेंटरमध्ये उभं केलं असेल तर २०० च्या वर. आता गंमत बघा. व्हीएनसी नावाची पद्धत १९९० च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्या मूळ रीतीत बघणारा चित्र मागतो, सर्व्हर देतो, ते मिळालं की पुन्हा मागायचं. फेरीला २५० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला चारच चित्रं. घरी १०० एमबीपीएस घ्या नाहीतर १०००, चार म्हणजे चार! (पुढे ह्यावर उपाय निघाले, पण ते दोन्ही टोकांना चालू असावे लागतात.) तरीही हेल्पडेस्क 'स्पीड टेस्टचा फोटो पाठवा' हाच मंत्र म्हणत बसतो.

माझ्या ओळखीत जिंतूरची एक मुलगी आहे. तिला असंच प्लॅन वाढवायला लावलं. तिने स्वतःच्या खिशातून वाढवला. फरक शून्य. मग सांगण्यात आलं, पुण्याला येऊन बस. पुण्याला येऊन बस म्हणजे काय, तर डिपॉझिट, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, आणि घरी आजारी वडिलांकडे बघायला कुणी नाही. एवढा मोठा निर्णय, आणि त्याच्यामागे एकही मोजलेला आकडा नाही!

तिला म्हटलं, आधी पिंग कर. २४ मिलिसेकंद, एकही पॅकेट हरवलं नाही. मग त्याच मशीनवर एसएसएचने, नुसत्या अक्षरांच्या खिडकीतून जा. अक्षरं टाइप केली की फारशी न अडखळता उमटत होती. म्हणजे रस्ता ठीक. मग तिथेच 'टॉप' चालवलं. प्रोसेसरच्या ओळीत शेवटी 'एसटी' नावाचा आकडा असतो. आपली लाल एसटी नव्हे, 'स्टील' म्हणजे चोरी. मशीन काम करायला तयार होतं, पण होस्टने प्रोसेसर दुसऱ्याच मशीनला दिला होता, असा तो वेळ. तिचा आकडा ३५ ते ४० टक्के! तशी उपमा लाल एसटीचीही चालेल म्हणा, ५० सीटच्या गाडीत ९० माणसं. त्यात ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे खिडक्यांच्या सावल्या आणि नक्षीकामसुद्धा त्याच उपाशी प्रोसेसरने रंगवायचं.

तो आकडा पाठवल्यावर मशीन दुसऱ्या होस्टवर हलवलं, नक्षीकाम बंद केलं. गाव तेच, नेट तेच, कर्सर पळायला लागला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आमच्या नेटची मी आरती ओवाळत नाहीये. लाईट जाते, रस्त्याच्या कामात जेसीबी केबल उखडतो, पावसाळ्यात तर बोलायलाच नको. पण तेव्हा कनेक्शन तुटतं, पिंगमध्ये पॅकेट हरवलेली दिसतात, आकडे वरखाली उड्या मारतात. नेट स्वच्छ असताना दिवसभर एकसारखा काकवीसारखा ओघळणारा कर्सर हे त्याचं लक्षण नाही.

माझा खरा राग वेगळाच आहे. लिनक्स होतं म्हणून तिला तो आकडा दिसला. विंडोजच्या मशीनमध्ये आतून तो सहसा दिसत नाही. व्हीएमवेअरमध्ये त्याला 'रेडी टाइम' म्हणतात आणि तो होस्ट सांभाळणाऱ्यालाच नीट दिसतो. म्हणजे पुरावा ज्याच्या कपाटात, तोच न्यायाधीश. तो कपाट उघडत नाही आणि आपल्याला प्लॅन वाढवायला सांगतो.

तेव्हा पुढच्या वेळी 'तिकडचं नेट' हे शब्द ऐकू आले की पिंगचे आकडे आणि घड्याळातली वेळ लिहून पाठवा, आणि त्याच दहा मिनिटांचे होस्टचे आकडे लेखी मागा. साहेबांना सीसीमध्ये ठेवून. आणि वाढवलेल्या प्लॅनचं बिलही सोबत जोडा.