संशोधनाच्या फायली फायरवॉलपाशी अडतात, त्याबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
संगणक व नेटवर्क केंद्र,
विद्यापीठ परिसर.

विषय : जनुकीय माहितीच्या फायली बाहेरच्या सर्व्हरवर पाठवताना येणारा अडथळा दूर करण्याबाबत.

महोदय,

जीवशास्त्राच्या विभागांतील आम्ही संशोधक विद्यार्थी, प्रयोगशाळा सहायक आणि मार्गदर्शक प्राध्यापक हे निवेदन सादर करीत आहोत. डीएनए सिक्वेन्सिंगमधून मिळालेला कच्चा डेटा इंग्लंडमध्ये हिंक्स्टन येथे असलेल्या युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्हकडे जमा करणे ही आमच्या कामाची जवळजवळ शेवटची पायरी असते. तिथून मिळणारा अ‍ॅक्सेशन क्रमांक नसेल तर बहुतेक नियतकालिके शोधनिबंध पुढे सरकवत नाहीत. निबंध अडला की प्रबंध अडतो आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती तोवर संपत येते.

ही पायरी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून पार पडत नाही. तक्रार केली की केंद्राचे कर्मचारी येतात, ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडून पाहतात आणि ‘नेट चालू आहे’ असे सांगून जातात. नेट चालू आहे हे आम्हालाही मान्य आहे. पण संकेतस्थळ पोर्ट ४४३ वरून उघडते आणि आमची फाइल त्या वाटेने जात नाही. त्यामुळे या तपासणीतून आमच्या तक्रारीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. उलट, तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला की त्याच सर्व्हरवर तीच फाइल विनासायास जाते. दोष संगणकात नाही आणि पलीकडच्या सर्व्हरमध्येही नाही, हे यावरून स्पष्ट होते.

बिघाड नेमका कुठे होतो, हेही आम्ही पाहिले आहे. सर्व्हरशी जोडणी होते, नाव आणि पासवर्ड स्वीकारला जातो आणि नंतर फोल्डरची यादी मागताच सगळे थांबते. काही वेळाने टाइमआउटचा संदेश येतो. फायली आम्ही एफटीपीने पाठवतो आणि हे लक्षण एफटीपीच्या रचनेतूनच येते. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत काम करणाऱ्या अभय भूषण यांनी लिहिला. फायरवॉल ही गोष्टच तेव्हा नव्हती. या पद्धतीत दोन जोडण्या लागतात : आज्ञांसाठी पोर्ट २१ आणि यादी किंवा फाइल नेण्यासाठी दरवेळी नवी, वेगळ्या पोर्टवरची. पॅसिव्ह मोडमध्ये हा दुसरा पोर्ट क्रमांक सर्व्हर २२७ या उत्तरात कळवतो. ते उत्तर वाचून तेवढ्यापुरता तो पोर्ट उघडण्याची सोय बऱ्याच फायरवॉलमध्ये असते. मात्र आज्ञांची जोडणी टीएलएसने कूटबद्ध केली की फायरवॉलला ते उत्तर वाचताच येत नाही. आम्हाला डेटा सुरक्षितपणे पाठवायचा आहे, म्हणून आम्ही टीएलएस वापरतो आणि नेमके त्यामुळेच अडतो. पोर्ट २१ उघडा असूनही काम का होत नाही, या केंद्राच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते हेच आहे.

फायरवॉल हटवा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आणि परीक्षा विभागाचे सर्व्हर याच नेटवर्कवर आहेत. त्यांचे रक्षण झालेच पाहिजे. पण आजच्या व्यवस्थेत विद्यार्थी स्वतःच्या डेटा पॅकचे पैसे खर्चून हॉटस्पॉटवरून फायली पाठवतात, मोठ्या फायली हार्ड डिस्कवर घेऊन बसने घरी नेतात. अप्रकाशित संशोधन अशा रीतीने खिशातून फिरते आणि त्याची नोंद कुठेही राहत नाही. जी फायरवॉल लोकांना चुकवावी लागते, तिच्यामुळे विद्यापीठाची सुरक्षितता घटतेच.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत तातडीची मागणी अशी की, केंद्राच्या एका तंत्रज्ञाने आमच्यासोबत बसून चाचणी घ्यावी. आम्ही प्रयोगशाळेतून फाइल पाठवू, त्यांनी त्याच क्षणी फायरवॉलच्या लॉगमध्ये आमच्या आयपी पत्त्यासमोर कोणती जोडणी नाकारली गेली ते पाहावे. सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. तेव्हा मागच्या तक्रारींच्या वेळच्या नोंदीही तपासता येतील. अंदाजाने नियम बदलण्यापेक्षा लॉग वाचून बदललेला नियम कमी धोक्याचा असतो.

चाचणीतून आमचे म्हणणे खरे ठरले, तर विभागातील ठरावीक एकाच संगणकाला, फक्त त्या आर्काइव्हच्या अपलोड सर्व्हरकडे, पोर्ट २१ आणि त्या सर्व्हरची पॅसिव्ह पोर्टची ठरलेली मर्यादा एवढीच बाहेर जाणारी वाट द्यावी. बाहेरून आत येणारी कोणतीही वाट आम्हाला नको. ज्या सहयोगी संस्था एसएफटीपी देतात, त्यांच्यासाठी केवळ पोर्ट २२ पुरेल, कारण तिथे आज्ञा आणि फाइल एकाच जोडणीतून जातात.

याच नियमात निष्क्रिय जोडणी तोडण्याची मुदत वाढवावी. मोठी फाइल जात असताना आज्ञांची जोडणी तासभरही गप्प असते. फायरवॉल तिला मृत समजून तोडते. मग फाइल पूर्ण पोहोचूनही २२६ ही पोच येत नाही आणि आमचा प्रोग्राम सगळे पहिल्यापासून पाठवू लागतो. रात्रभर चाललेले काम सकाळी वाया गेलेले दिसते, तेव्हा विद्यार्थ्याची काय अवस्था होते हे आम्ही रोज पाहतो. नॅट उपकरणांसाठी २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये ही मुदत २ तास ४ मिनिटांपेक्षा कमी नसावी असे म्हटले आहे. तेवढी मिळाली तरी आमचे भागेल.

वसतिगृहातून व्हीपीएनने काम करताना वेगळीच अडचण येते : छोट्या आज्ञा जातात, मोठी पॅकेट हरवतात. आयसीएमपी सरसकट बंद केल्याने ‘पॅकेट मोठे आहे’ हा निरोप परत येत नसावा, असा आमचा कयास आहे. तेवढ्या प्रकारचा आयसीएमपी संदेश येऊ द्यावा.

फायरवॉलचे नियम बदलण्यापूर्वी विभागांना लेखी सूचना मिळावी, तक्रारीला क्रमांक मिळावा आणि ती बंद करताना कारण लिहिले जावे, ही मागणी तांत्रिक नाही, पण आमच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे. आज नियम कधी बदलला हे आम्हाला फाइल अडल्यावरच कळते.

पुढील अंदाजपत्रकात मोठ्या डेटासाठी स्वतंत्र ट्रान्सफर सर्व्हर आणि त्याच्यापुरते काटेकोर नियम असलेला वेगळा नेटवर्क भाग, यांचा विचार व्हावा. अमेरिकेतील ईएसनेट या संशोधन नेटवर्कने ‘सायन्स डीएमझेड’ या नावाने अशी रचना मांडली असून अनेक विद्यापीठांनी ती स्वीकारली आहे. तिचा आराखडा तयार करताना लागणारी मदत करण्यास आमचे विभाग तयार आहेत.

संयुक्त चाचणीसाठी आपण सांगाल तो दिवस आम्हाला चालेल. या सत्रातील प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आल्याने तो दिवस याच आठवड्यातील असावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
जीवशास्त्र विभागांतील संशोधक विद्यार्थी, प्रयोगशाळा सहायक व मार्गदर्शक प्राध्यापक

प्रत माहितीसाठी : मा. कुलसचिव, मा. अधिष्ठाता, विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखा