बाटली काळी पडली, पुढं काय?

पावसाळा लागला की आमच्या तालुक्यात दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक, पुलावरून पाणी गेलं. दोन, अमक्या गावात जुलाब-उलट्यांची साथ. या दुसऱ्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : 'पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.' कुठं पाठवले, कधी पोचले, अहवालात काय निघालं, हे सहसा कुणी विचारत नाही. अहवाल येतो तोवर सलाइनच्या बाटल्या उतरलेल्या असतात, आणि तो गुपचूप फायलीला लागतो.

मला आज या एका वाक्याशी भांडायचंय.

पाण्यात मैला मिसळलाय का, एवढं कळायला नमुना जिल्ह्याला पाठवून वाट बघत बसायची गरज १९८२ पासून राहिलेली नाही. त्या वर्षी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी एक साधी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडली. छोटी निर्जंतुक बाटली, आत औषध शोषून घेतलेला कागदाचा तुकडा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवून द्यायचं. विष्ठेबरोबर येणारे बरेचसे जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, कुजक्या अंड्याचा वास येतो तो. औषधातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की पाणी काळंकुट्ट होतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत निकाल. मशीन नाही, वीज नाही, इंग्रजी वाचता यायची गरज नाही. आज ही कुपी वडापाव-चहाच्या खर्चात बसते. आपल्याच देशात तयार झालेली ही युक्ती पुढं जगभरच्या गरीब गावांत वापरली गेली.

त्याहून सोपी चाचणी तर आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे. ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, हा नियम. दोन मिनिटांचं काम. (हे औषध तब्येतीला बरं नाही म्हणून बाहेर त्याऐवजी डीपीडीची गोळी वापरतात, तिनं रंग गुलाबी येतो. आपणही तिकडं वळायला हवं, पण तो वाद नंतर.) शिवाय २०१९ ला जलजीवन मिशन आलं, गावोगाव तपासणीचे किट आले, प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं.

म्हणजे साधन आहे, माणसं आहेत, नियम आहे. मग साथ का येते?

याचं उत्तर मला दूध संकलन केंद्रावर मिळालं. तिथं सकाळी सहाला जा. शेतकरी किटली घेऊन उभा, मशीनवर फॅट लागतं, आकडा त्याच्या डोळ्यांसमोर उमटतो आणि त्याच आकड्यावर दर ठरतो. फॅट कमी लागलं तर तो तिथल्या तिथं हुज्जत घालतो. मशीन बिघडलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतं, कारण आकड्यात दोघांचा पैसा अडकलाय. मशीन यायच्या आधी नुसता काचेचा लॅक्टोमीटर होता, तेव्हाही हेच. स्वस्त तपासणी चालते ती अशी. आकडा लागल्याबरोबर कुणाला तरी काही मिळतं किंवा कुणाचं तरी काही जातं.

आता पाण्याकडे बघा. पाणी पुरवते ग्रामपंचायत. टीसीएल पावडर टाकतो ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. ओटी टेस्ट करतो तोच. रजिस्टर लिहितो तोच. पावडरीचं पोतं उघडं राहून दमट झालं, तिच्यातला क्लोरीन उडून गेला, तर ते सापडणार त्याच्याच चाचणीत आणि ओरडा बसणार त्यालाच. बरं, तो बिचारा किती पगारावर राबतो आणि तोही किती महिने थकतो, हे सरपंचांना विचारा. मी काही गावांची अशी रजिस्टरं चाळली आहेत. एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेला अख्खा महिना ओळखायला पत्रकार असावं लागत नाही. रोज 'योग्य'. पाइपलाइन फुटली होती त्या दिवशीही 'योग्य'.

वरून आपली कार्डांची पद्धत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाण्याच्या जागांचं सर्वेक्षण होतं आणि गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं साथ नसेल आणि कार्ड हिरवं असेल तर चंदेरी. कल्पना चांगलीच आहे. पण विचार करा, चंदेरी कार्डाचा फोटो ज्या कार्यालयात लावलाय तिथं साथीची नोंद करायची घाई कुणाला असेल? पाण्यात दोष सापडला की सापडवणाऱ्याचंच नुकसान, अशी ही रचना आहे.

हे फक्त खेड्याचं रडगाणं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. मग विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प, सगळ्यांची तपासणी सुरू झाली. हा जंतू क्लोरीनपुढं टिकत नाही. आधी कुणी रोज नळाला ओटी टेस्ट केली असती तर साथ टळली असती, असा दावा मी करणार नाही. पण राज्यातल्या सगळ्यात शिकलेल्या शहराच्या वेशीवर क्लोरीनची चौकशी माणसं आयसीयूत गेल्यावर जोरात सुरू होते, हे दिसलंच ना?

आता साहेब लोकांचा आक्षेप. एका बैठकीत एक अधिकारी मला म्हणाले, 'अहो, ती काळी बाटली म्हणजे काही सायंटिफिक रिपोर्ट नव्हे.' बरोबर आहे. काही बोअरच्या पाण्यात मुळातच गंधक असतं, तिथं बाटली उगाच काळी पडू शकते. बाटली स्वच्छ राहिली म्हणजे पाणी शुद्ध असंही नाही, विषाणू, नायट्रेट, यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराइड तिला दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा हवीच. पण चुकून काळी पडली तर गावाचं नुकसान काय? दोन दिवस पाणी उकळून प्यायचं. आणि खरी काळी असताना दुर्लक्ष केलं तर? शिवाय तुमच्या 'सायंटिफिक' नमुन्याचं काय होतं तेही बोलू या. जंतूंच्या तपासणीचा नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा. आमच्याकडं तो कधीकधी पिशवीतून, दुपारच्या एसटीनं जातो.

या सगळ्यावर उपाय म्हणून आता टाकीवर सेन्सर बसवायची भाषा सुरू झालीय. मोबाइलवर आकडा दिसेल म्हणे. दिसेल हो. कुणाला दिसेल? टाकीजवळ घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला दिसणार नसेल तर हा आकडाही रजिस्टरातल्या 'योग्य'चा धाकटा भाऊ. टेंडर मात्र मोठं निघेल.

मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा. त्यावर आजची तारीख, कुठल्या नळाची ओटी टेस्ट, रंग आला की नाही. आठवड्याला एक काळी बाटली गावातल्या प्रशिक्षित बाईनं भरायची, जलसुरक्षकानं नाही, आणि ती तिथंच सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. काळी पडली तर त्याच दिवशी गावात दवंडी किंवा व्हॉट्सॲप, पाणी उकळा म्हणून, आणि दुसरा नमुना थेट प्रयोगशाळेला. (काळ्या बाटलीत जंतू वाढलेले असतात. फेकण्याआधी तिच्यात टीसीएल टाका, पोरांच्या हाती देऊ नका.) चाचणी करणाऱ्या बाईला मानधन वेळेवर आणि सरपंचांपेक्षा वेगळ्या हातातून. जो जलसुरक्षक खरं 'नाही' लिहील त्याला नोटीस नाही, नवीन पावडरीचं पोतं मिळावं.

१५ ऑगस्टला तुमच्या गावात ग्रामसभा आहे. झेंडावंदन झालं की निघून जाऊ नका. ओटी टेस्टचं रजिस्टर मागा आणि पाइप फुटल्याच्या दिवशीचं पान उघडायला सांगा. किटचं प्रशिक्षण घेतलेल्या पाच महिला कोण, त्यांची नावं विचारा, आणि त्यांनी शेवटची चाचणी कधी केली तेही. काय उत्तर मिळालं ते गावाच्या नावासह मला कळवा. जिथं रजिस्टरच दाखवलं नाही, त्या गावांच्या बातम्या मी आधी करणार आहे.